रायफलची स्लिंग: किती घट्ट, कुठे आणि का

नवीन माणसाच्या हातात टार्गेट शूटिंगची स्लिंग दिली की तो पहिलं काम काय करतो, तर ती दंडावर चढवतो आणि जीव खाऊन आवळतो. मग कोपर दुखतं, बोटं बधिर होतात, फ्रंट साइट, म्हणजे नेम धरायची पुढची खूण, नाडीच्या ठोक्यावर उड्या मारायला लागते, आणि तरी त्याला वाटत राहतं की अजून एक भोक पुढे घेतलं तर जमेल. त्याला तरी काय बोल लावायचा म्हणा, कारण त्याला सांगणारे सगळे "स्लिंग टाइट पाहिजे" एवढंच सांगून मोकळे होतात. टाइट म्हणजे किती, नेमकी कुठे आणि कशासाठी, हे क्वचितच कोणी बसून सांगतं. तर ते इथे जरा निवांतपणे बघू. उजव्या हाताने ट्रिगर ओढणाऱ्याला धरून लिहितोय, म्हणजे स्लिंग डाव्या दंडावर. डावखुऱ्यांनी सगळं उलटं वाचायचं.

रायफल खांद्याला अडकवून चालायचा पट्टा आणि ही स्लिंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तो पट्टा रायफलला पुढे आणि मागे दोन्हीकडे जोडलेला असतो. टार्गेटची स्लिंग फक्त पुढच्या लाकडाला, म्हणजे फोरएंडला, एकाच ठिकाणी जोडतात आणि तिचं दुसरं टोक तुमच्या दंडावर असतं. बटशी, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या मागच्या भागाशी, तिचा काही संबंध नाही.

आता ती करते काय ते बघा. तुम्ही पोटावर झोपलाय, डावं कोपर मॅटवर टेकलंय, तळहात वर आहे आणि त्यावर रायफल. पाच-सहा किलोचा ऐवज आहे हा. वजन तळहाताला खाली दाबतं, तळहात खाली जायचा म्हणजे कोपराचा वाकलेला सांधा उघडायला बघतो, हात सरळ व्हायला बघतो. तो उघडू नये म्हणून दंडाचा पुढचा स्नायू, बायसेप, सतत ओढून धरतो. आणि स्नायूची खोड अशी की ताण धरून तो कधीच शांत राहत नाही, थरथरतो, दमतो, दमला की थोडा सोडतो, मग परत पकडतो. इथे स्लिंग येते. दंड, पुढचा हात आणि स्लिंग असा त्रिकोण तयार होतो, त्रिकोणाच्या तिन्ही बाजूंची लांबी ठरली की कोपरातला कोन बदलूच शकत नाही. भिंतीवरची घडीची फळी साखळीने धरलेली असते ना, तसंच. साखळी फळीला दाबत नाही, नुसती खाली पडू देत नाही. मग बायसेपला सुट्टी. वजन तळहातातून पुढच्या हाताच्या दोन हाडांत, हाडांतून कोपरात आणि कोपरातून जमिनीत जातं, आणि हाड काही थरथरत नाही.

दुसरं काम असं की स्लिंग हँडस्टॉपला, म्हणजे फोरएंडखाली हाताच्या पुढे बसवलेल्या ठोकळ्याला, मागे ओढते, त्यामुळे बट खांद्यात आपोआप बसून राहतो. म्हणजे उजव्या हाताला रायफल ओढून धरायचं काम उरत नाही, त्याने फक्त ट्रिगर बघायचा.

एवढी उठाठेव कशासाठी ते एका हिशोबात कळेल. ५० मीटर रायफलच्या टार्गेटवर दहाच्या रिंगचा व्यास १०.४ मिलिमीटर असतो. तुमच्या मागच्या आणि पुढच्या साइटमध्ये समजा ८० सेंटीमीटर अंतर आहे, आणि मागची जागेवर ठेवून पुढची साइट फक्त ०.१ मिलिमीटर हलली, तर टार्गेटवर गोळी सहा मिलिमीटरहून थोडी जास्त सरकते. म्हणजे मधोमध १०.९ (एका गोळीचे सगळ्यात जास्त गुण) लागणारी गोळी १०.२ वर. ०.१ मिलिमीटर म्हणजे साधारण कागदाची जाडी हो! आणि एवढ्यावर ताबा ठेवायचं काम दमलेल्या स्नायूला द्यायचं का, हा सगळा प्रश्न आहे.

नियमांचं थोडं सांगून टाकतो. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या म्हणजे आयएसएसएफच्या नियमांत स्लिंग प्रोन (पोटावर झोपून) आणि नीलिंगमध्ये (गुडघ्यावर बसून) चालते, स्टँडिंगमध्ये (उभ्याने) चालत नाही. त्यामुळे १० मीटर एअर रायफलवाल्यांना, त्यांचं सगळं उभ्यानेच, तिच्याशी देणंघेणं नाही. पॅरिस २०२४ मध्ये स्वप्निल कुसाळेने ब्राँझ मिळवलं तो ५० मीटर थ्री पोझिशन्सचा प्रकार, त्यात नीलिंग आणि प्रोनला स्लिंग, मग ती काढून स्टँडिंग. स्लिंगची रुंदी ४० मिलिमीटरच्या वर नको, ती फक्त डाव्या दंडाच्या वरच्या भागावर हवी, फोरएंडला एकाच जागी जोडलेली हवी, हाताच्या किंवा मनगटाच्या एकाच बाजूने गेलेली हवी, आणि स्विव्हल (स्लिंग अडकवायची कडी) आणि हँडस्टॉप सोडून रायफलच्या कुठल्याही भागाला ती शिवता कामा नये. प्रोनमध्ये अजून एक अट आहे, पुढच्या हाताने जमिनीशी किमान ३० अंशांचा कोन केला पाहिजे, म्हणजे अगदी जमिनीला चिकटून झोपायची सोय नाही. ही अट लक्षात ठेवा, लांबी ठरवताना ती परत येणार आहे.

स्लिंगचे प्रकार बरेच आहेत पण सुरुवातीला दोनच कळले तरी पुरे. एक कफवाली, दंडावर रुंद पट्टा आणि त्यातून एकच वादी पुढे जाते, आजकाल रेंजवर बहुतेक हीच दिसते. दुसरी लूपवाली, जुन्या लष्करी पद्धतीची, अमेरिकन एम १९०७ ही त्यातली सगळ्यात प्रसिद्ध, चामड्याचे दोन तुकडे, भोकं आणि हुक, वादीचाच फास करून दंडावर चढवायचा. लूपवालीला अर्धा पीळ देऊन हात घालायचा असतो म्हणजे वादी हातावर सपाट बसते, धार रुतत नाही. तत्त्व दोन्हीचं एकच, म्हणून पुढे कफवालीलाच धरून बोलतो.

आता सगळ्यात जास्त गोंधळ जिथे होतो ती गोष्ट. कफ किती घट्ट आणि स्लिंग किती आखूड, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची बकलं वेगळी, कामं वेगळी. कफ जॅकेटच्या बाहीवर घसरणार नाही इतपतच आवळायचा, त्याच्यापुढे एक दोराही नको. रायफल धरायचं काम कफच्या आवळण्याने होत नाही, ते वादीच्या लांबीने होतं. पण लोक काय करतात, रायफल खाली बसतेय असं वाटलं की हाताला लागेल ते बकल ओढतात, बऱ्याचदा कफचं, आणि मग हात काळानिळा व्हायची वेळ येते तरी रायफल जिथे होती तिथेच. तुमची बोटं बधिर होत असतील तर आधी कफ सैल करा आणि वादी आहे तशीच ठेवा, अर्ध्या लोकांचं दुखणं एवढ्यावर जातं.

कफ दंडावर कुठे? वर खांद्याच्या स्नायूच्या खाली लगेच, किंवा मध्ये बायसेपच्या फुगवट्यावर, किंवा खाली कोपराच्या थोडं वर. मधली जागा बहुतेकांना वाईट. फुगवट्यावर पट्टा बसला की स्नायूची प्रत्येक हालचाल थेट स्लिंगमध्ये जाते. वरची जागा सगळ्यात जास्त वापरली जाते आणि माझं मत विचाराल तर सुरुवात तिथूनच करा. काही चांगले नेमबाज खाली लावतात आणि त्यांचं छान चालतं, दंडाची ठेवण प्रत्येकाची वेगळी, त्यामुळे वरच्याने पल्स, म्हणजे साइटवर दिसणारा नाडीचा ठोका, जातच नसेल तर खालची जागा करून बघायला हरकत नाही. पण एकदा ठरली की ठरली, रोज दोन बोटं इकडेतिकडे नको. जॅकेटच्या बाहीवर किंवा खांद्याच्या शिवणीजवळ एक हुक, बटण किंवा लूप असतो तो याच्यासाठीच, कफ त्यात अडकवला की खाली घसरत नाही. नियमात असा एकच चालतो.

आणि वादी निघायची ती दंडाच्या बाहेरच्या बाजूने. कारण दंडाच्या आतल्या बाजूला, बगलेकडून कोपराकडे, मोठी धमनी जाते. पुढे वादी ताणली की दाब दंडाच्या मागच्या-बाहेरच्या भागावर यायला हवा, आतली बाजू जमेल तेवढी मोकळी. बकल किंवा शिवणीचा जाड भाग आत आला तर कितीही सैल करा, ठोका येणारच. कफ चढवताना थोडा बाहेर फिरवून चढवा, कारण ताण आला की तो स्वतःहून थोडा आत फिरतो, त्याचा हिशोब आधीच धरलेला बरा.

तिथून वादी पुढच्या हाताच्या बाहेरून येते, मनगटाच्या मागून सपाट वळते आणि तळहाताच्या पुढे हँडस्टॉपवरच्या स्विव्हलमध्ये अडकते. पीळ राहिला का एकदा बघून घ्या, पीळ राहिलेली वादी दहा गोळ्यांनंतर मनगटात अशी रुतते की बाकीचं काही सुचत नाही.

हँडस्टॉप म्हणजे फोरएंडच्या खालच्या रेलवर सरकणारा ठोकळा, त्याला तळहाताची अंगठ्याजवळची बाजू टेकते. रायफल बसायला हवी तळहाताच्या टाचेवर, अंगठ्याच्या मुळाच्या बाजूला, म्हणजे बरोबर पुढच्या हाताच्या हाडांच्या वर. मनगट सरळ. बोटं मोकळी, त्यांनी रायफल धरायची नाही. हे सांगायला सोपं आणि करायला अवघड, कारण हातात वस्तू आली की बोटं मिटतातच. बोटं मिटली की पुढच्या हाताचे स्नायू जागे झाले, आणि स्लिंगने जे काम काढून घेतलं होतं ते तुम्ही मागच्या दाराने परत आणलंत. सगळं सेट झाल्यावर बोटं एकदा हलवून बघा, फ्रंट साइट हलायला नको.

आता प्रत्यक्ष बसवायचं. रायफल रिकामी, बोल्ट उघडा, सेफ्टी फ्लॅग चेंबरमध्ये, नळी टार्गेटकडे. स्लिंग जोडताना आणि सोडताना माणसाचं सगळं लक्ष स्वतःच्या हाताकडे असतं आणि नळी कुठे फिरली ते कळत नाही, म्हणून हे सगळं रिकाम्या रायफलवरच करायचं, याला अपवाद नाही.

पहिल्यांदा स्लिंग न जोडता झोपा. शरीर नेमाच्या रेषेशी थोडं तिरकं, उजवा गुडघा वर ओढून घेतलात तर छाती-पोट मॅटवरून थोडं उचललं जातं, श्वासाला जागा होते आणि पोटातला ठोका कमी येतो. डावं कोपर जवळपास रायफलच्या खाली, किंचित डावीकडे. बट खांद्यात, डोकं सरळ चीकपीसवर (गाल टेकायच्या भागावर) सोडून द्या, मान ताणायची नाही. आता बघा तळहात आपोआप कुठे येतो. तिथे हँडस्टॉप आणा आणि अ‍ॅलन कीने आवळा. हात हँडस्टॉपकडे न्यायचा नाही, हँडस्टॉप हाताकडे आणायचा. उधारीच्या किंवा क्लबच्या रायफलवर हे नेहमी उलटं होतं, आधीच्या माणसाची सेटिंग तशीच असते आणि नवीन माणूस बिचारा स्वतःला त्या सेटिंगमध्ये कोंबत राहतो. पाच मिनिटं जातात सरकवायला, जाऊ द्या. या वेळी कोणाला तरी बाजूने बघायला सांगा, पुढच्या हाताचा जमिनीशी कोन ३० अंशांच्या वर आहे ना. अगदी काठावर ठेवू नका, स्पर्धेत तपासणारा मोजायला बसला की मन नेमातून जातं.

मग स्लिंग जोडा, सैल. वादी एकेक घर, म्हणजे एकेक भोक, आखूड करत जा आणि प्रत्येक घराला एकच गोष्ट करा, नेम धरा, श्वास सोडा आणि डावा हात पूर्ण सोडून द्या, म्हणजे हात मुद्दाम मेल्यासारखा करा. सैल असेल तोवर फ्रंट साइट खाली जाईल, कारण आता बायसेप नाही आणि स्लिंग अजून कामाला लागलेली नाही. आखूड करत गेलात की एका घराला साइट खाली जायची थांबते. तुम्ही हात सोडलाय आणि रायफल जागेवर आहे. तीच तुमची लांबी. खात्रीसाठी अजून एक घर पुढे जाऊन बघा, बहुतेक वेळा तिथे ताण वाढलेला कळतो पण स्थिरता काही वाढलेली नसते, मग मागे या. थोडक्यात, सगळ्यात घट्ट जागा शोधायची नसून जिथून पुढे घट्ट करून फायदा होत नाही ती पहिली जागा शोधायची.

जास्त आखूड झाली असेल तर ते लपत नाही. बट खांद्यात घालायला उजव्या हाताने रायफल पुढे ढकलून कुस्ती खेळावी लागते, डावा खांदा पुढे ओढला जातो, कोपर मॅटवर जागा सोडायला बघतं, आणि गोळी सुटली की रायफल एका बाजूला उडते आणि परत टार्गेटवर येत नाही. लांब असेल तर हात हँडस्टॉप सोडून मागे येतो, बट खांद्यातून खाली घसरतो, आणि मॅच पुढे सरकते तसा ग्रुप, म्हणजे गोळ्यांचा पुंजका, हळूहळू खाली जातो.

इथे एक गाठ आहे ती नीट सोडवून घ्या. वादीची लांबी, हँडस्टॉपची जागा आणि बटची लांबी या तिघांचं एकमेकांवर चालतं. हँडस्टॉप मागे आणला की पुढचा हात जास्त उभा होतो, तळहात वर येतो, नळी वर जाते. पण दंड ते स्विव्हल हे अंतरही कमी झालं, म्हणजे तीच वादी आता सैल पडली, ती आखूड करावी लागणार. पुढे नेला तर पोझिशन खाली बसते आणि तीच वादी आता ताणली जाते, ती लांब करावी लागणार. बट लांब असेल तर वादी बरोबर असूनही घट्ट वाटते, कारण रायफल खांदा आणि हँडस्टॉपच्या मध्ये अडकलेली असते. त्यामुळे "स्लिंग फार टाइट आहे" अशी तक्रार असली तरी दुखणं कधीकधी बटप्लेटमध्ये असतं. एका वेळी एकच गोष्ट बदला, तीही दोन-तीन मिलिमीटरने किंवा एका घराने, आणि मग निदान दहा गोळ्या मारून बघा. तिन्ही एकदम हलवणारे लोक संध्याकाळपर्यंत जिथून निघाले तिथेच असतात, फक्त जास्त वैतागलेले.

बसलं की नाही ते तपासायच्या तीन पद्धती मला पटतात. पहिली डोळे मिटायची. नेम धरा, डोळे मिटा, दोन श्वास घ्या, अंग सोडा, डोळे उघडा. साइट अजून टार्गेटवर आहे का? बाजूला गेली असेल तर रायफल हाताने वळवून आणू नका, डावं कोपर जागेवर ठेवून कंबर आणि पाय थोडे सरकवा म्हणजे सगळं शरीरच वळेल. वर-खाली असेल तर कोपरं न हलवता शरीर थोडं पुढे घेतलं की खांदे उचलले जाऊन नळी खाली येते, मागे घेतलं की वर जाते. दुसरी पद्धत, उजवा हात ग्रिपवरून काढून घ्या. रायफल खांद्यात राहायला हवी. थोडी हलेल, पण धाडकन खाली बसली तर तिला आतापर्यंत उजवा हात धरून होता असं समजा. तिसरी, गोळी सुटल्यावर बघा. पॉइंट टू टूच्या (.२२ कॅलिबरच्या) रायफलचा धक्का छोटा असतो, पोझिशन नीट असेल तर साइट थोडी उचलून परत त्याच बुलवर (टार्गेटच्या मधल्या काळ्या गोलावर) येऊन बसते. कायम उजवीकडे किंवा कायम वर जाऊन तिथेच थांबत असेल तर कुठेतरी काहीतरी ओढतंय. ही तिसरी मला सगळ्यात विश्वासाची वाटते, कारण धक्क्याच्या क्षणी माणसाला फसवाफसवी करता येत नाही.

पल्सचं वेगळं बोलू, कारण नवीन लोक याला घाबरतात. फ्रंट साइट ठरलेल्या तालात टुक टुक हलते, श्वास रोखला तरी थांबत नाही, तो तुमचा ठोका. थोडा सगळ्यांनाच असतो, पूर्ण घालवायच्या मागे लागू नका. जास्त असेल तर क्रमाने बघा: कफ एक घर सैल, मग कफ बाहेर फिरवून, मग कफ दोन बोटं वर, मग आतला स्वेटशर्ट जरा जाड. एवढं करूनही राहिला तर वादी एक घर लांब. बहुतेक लोक उलट्या क्रमाने जातात, आधी वादी सैल करतात, त्याने ठोका कमी होतो खरा पण रायफल परत बायसेपवर येते. चहा-कॉफी आणि मॅटवर धापा टाकत येणं हेही कारण असतं, पण ते स्लिंगच्या बकलाने सुटणारं नाही.

हाताला मुंग्या येणं मात्र अंगावर काढू नका. अंगठा आणि पहिल्या बोटाच्या मधला भाग हँडस्टॉपवर दाबला जातो, तिथे ग्लव्हला जाड पॅडिंग लागतं. सगळा पंजा बधिर होत असेल तर कफ. लांब मॅचमध्ये मधेच वादी स्विव्हलमधून सोडून हात दोन मिनिटं मोकळा करण्यात कमीपणा नाही, फक्त परत जोडल्यावर डोळे मिटायची तपासणी नव्याने करायची, कोपर जरासं तरी हललेलं असतंच.

नीलिंगला तीच स्लिंग पण सेटिंग वेगळी. उजवा घोटा रोलवर (घोट्याखाली ठेवायच्या गोल उशीवर), डावं कोपर डाव्या गुडघ्याजवळ, रायफलचं वजन हातातून गुडघ्यात आणि नडगीतून जमिनीत. नियमाने कोपराचं टोक गुडघ्याच्या टोकाच्या पुढे १०० मिलिमीटर किंवा मागे १५० मिलिमीटर यापलीकडे जाऊ शकत नाही. कोपराचं हाड गुडघ्याच्या वाटीवर ठेवू नका, हाडावर हाड गोलगोल फिरतं. कोपराच्या वरचा सपाट भाग टेकवा. शरीर जास्त उभं असल्यामुळे हँडस्टॉप बहुधा प्रोनपेक्षा मागे येतो आणि त्याप्रमाणे वादीची लांबी बदलते, कोणाची किती ते ज्याचं त्याने वर सांगितलेल्या पद्धतीने शोधायचं. इथे पाया छोटा असतो, तीन टेकू आणि वर सगळं शरीर, त्यामुळे वादी जास्त आखूड झाली की रायफल नुसती खांद्यात घुसत नाही, ती सगळ्या माणसालाच पुढे डावीकडे झुकवते. प्रोनमध्ये खपून जाणारा एखाद्या घराचा फरक इथे लगेच दिसतो.

वस्तूची काळजी फार नाही. चामडं हाताला छान बसतं पण ताणतं, घामाने आणि दमट हवेने अजून ताणतं, त्यामुळे नवीन चामड्याच्या स्लिंगवर पहिले काही दिवस विश्वास ठेवू नका, आज जे चौथं घर आहे ते महिन्याभराने पाचवं लागेल. सिंथेटिक कमी ताणते, म्हणून बरेच लोक तिकडे वळलेत. वादीवर आकडे नसतील तर पेनाने रेघ मारा, रेलवर हँडस्टॉपचा आकडा असतोच, तो आणि वादीचं घर आणि कफची जागा हे तिन्ही प्रोनचं वेगळं, नीलिंगचं वेगळं असं डायरीत लिहून ठेवा. डोक्यात राहत नाही, पोझिशन बदलायच्या घाईत तर मुळीच नाही. आणि हँडस्टॉपचा स्क्रू खरंच आवळलाय का ते हाताने ओढून बघा, ग्रुप गोळीगणिक खाली-खाली जातोय आणि माणूस श्वासात चूक शोधतोय, तर बऱ्याचदा स्क्रू सैल असल्याने हँडस्टॉप हळूहळू सरकत असतो.

शेवटचं, साइटचं. वादीचा ताण बदलला की फोरएंडवरचा ओढा बदलतो आणि गोळी पडायची जागा थोडी हलू शकते. आजच्या टार्गेट रायफलींची बॅरल फोरएंडला न टेकणारी असते म्हणून फरक कमी येतो. जुन्या लष्करी धाटणीच्या काही रायफलींमध्ये, एम १६ ए २ सारख्या, स्विव्हल थेट बॅरलवरच असतो, तिथे स्लिंग ओढली की बॅरललाच ओढ बसते आणि लांब पल्ल्यावर ते चांगलंच दिसतं. रायफल कुठलीही असो, वादी किंवा हँडस्टॉप हलवल्यावर जुन्या झीरोवर, म्हणजे साइटच्या जुन्या सेटिंगवर, स्कोअरच्या गोळ्या मारू नका, आधी सायटर, म्हणजे गुणांत न धरायच्या चाचणीच्या गोळ्या, मारून ग्रुप कुठे पडतोय ते बघा आणि मगच साइटच्या नॉबला हात लावा.